पदक लावून खाली बसलो

"अरे, ये हिकडं. तुजं पदक ह्याच कामाचं हाय ना? मंग दाव की गावाला."

बापूसाहेब हे माईकजवळ उभे राहून म्हणाले. माईक चालू होता. सव्वीस जानेवारीची सकाळ, शाळेचं मैदान, पोरं ओळीत, मागं बाया, बाजूला शिक्षक. झेंडा अजून गुंडाळलेला होता. तो फडकवायला बापूसाहेब पुढं निघाले आणि त्यांच्या कोल्हापुरीचा अंगठा तटकन तुटला. त्यांनी ती तुटकी चप्पल पायानंच ढकलली. माझ्याकडं.

मी माजी सैनिकांच्या ओळीत उभा होतो. आम्ही सात जण. निळा ब्लेझर, डोक्यावर बॅरेट, बूट तोंड दिसेल इतके चकचकीत. डाव्या छातीवर पदकं. माझ्या पदकांत सगळ्यात पुढं सेना पदक.

लोक हसले. लई मोठ्यानं नाही. नुसतं खुदकन. तेवढं पुरतं.

आणि मी काय केलं? मी बसलो.

खोटं कशाला सांगू. गुडघा टेकला, चप्पल उचलली, ब्लेझरच्या आतल्या खिशातून आरी आणि मेण लावलेला दोरा काढला आणि टाके मारायला लागलो. झेंडावंदनाला आलेल्या माणसाच्या खिशात आरी कशाला, असं कुणीही विचारेल. माझ्या खिशात ती असतेच. बावीस वर्षांची सवय आहे. वर बर्फात आरी विसरलो तर कुणाच्या तरी पायाचं बोट जायचं. त्या सवयीचा मला अभिमान होता. त्या दिवशी माझ्याच अभिमानानं मला खाली बसवलं. डोकं नको म्हणायच्या आत हात कामाला लागले.

पुढं वाकलो तशी पदकं लोंबली. सेना पदक चपलेच्या तळाला लागलं. टक. एकदाच. कुणी ऐकलंही नसेल. मला तो आवाज अजून येतो.

टाके झाले. बापूसाहेबांनी पाय पुढं केला. वाकले नाहीत, नुसता पाय पुढं केला. मी चप्पल त्यांच्या पायात घातली. हेही केलं.

"शाब्बास," ते माईकवर म्हणाले.

मग झेंडा वर गेला. मी सॅल्यूट ठोकला. कपाळाजवळ आणलेल्या बोटांना मेणाचा वास येत होता. राष्ट्रगीत झालं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि शेजारच्याला वाटलं असणार, देशप्रेमानं आलंय.

त्यानंतर शाळेच्या भिंतीजवळ झाकून ठेवलेल्या दगडी पाटीवरचा कपडा ओढला. काळा दगड, पांढरी अक्षरं. वर लिहिलेलं, 'गावचे पदकप्राप्त सैनिक'. खाली नावं दोन. एक सुभेदारांचं. एक हयात नसलेल्या जवानाचं. माझं नव्हतं.

सुभेदार म्हणजे आमच्या गावचे निवृत्त सुभेदार, बागायतदार घरातले, सीमेवर गोळी लागलेले. खरा मर्द माणूस, त्यात काही शंका नाही. पाटीचं सगळं त्यांच्याकडं होतं. दिवाळीत मी माझी कागदपत्रं त्यांच्याच हातात दिली होती. पदकाचा आदेश, प्रशस्तिपत्र, सगळ्याच्या झेरॉक्स. "काळजी करू नको," म्हणाले होते. मी त्यांच्याजवळ गेलो.

"सुभेदारसाहेब, माझं नाव?"

ते बुटांकडं बघायला लागले. उत्तर दिलं बापूसाहेबांनी.

"ही लढल्याल्या मानसांची पाटी हाय. बूट शिवल्याल्यांची न्हाई."

बापूसाहेब कोण, हे सांगतो. पाटीलकीचं घर. दहा वर्षं सरपंच होते, आता सून सरपंच आहे, म्हणजे तेच आहेत. गावात जे काही कोरलं जातं, ते त्यांना विचारून कोरलं जातं. आणि आमच्या गावात कोरायची लई हौस. देवीच्या देवळाच्या पायऱ्यांवर नावं. सभामंडपाच्या खांबांवर नावं. पाण्याच्या टाकीवर, शाळेच्या फाटकावर, स्मशानातल्या बाकड्यावर नावं. आमच्या आळीतल्या माणसाचं नाव एकाही दगडावर नाही. माझे आबा, म्हणजे वडील, साठ वर्षं या गावाच्या पायात चपला घालत आले आणि त्यांच्या नावाचं एक अक्षर कुठं नाही. म्हणून मला ती पाटी पाहिजे होती. हसू नका. एवढा फौजेत राहिलेला माणूस एका दगडावरच्या एका ओळीसाठी जीव टाकत होता.

आमचं गाव नेवासा तालुक्यात. एसटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण कंडक्टर अजून "नगर, नगर" असंच ओरडतो. गावाचं नाव मी सांगत नाही. सांगून काय होणार, शेजारच्या गावात तरी वेगळं काय आहे?

मी चांभाराचा. शब्द माझा आहे, मी वापरीन. शिंगणापूर आमच्यापासून सायकलवर जाण्याइतकं लांब. साडेसाती सुटावी म्हणून शनिवारी तिथं लोक पायातल्या चपला सोडून अनवाणी परत जातात. आबा त्यातल्या बऱ्या बघून पोत्यात भरून आणायचे. तळ काढायचे, नवा घालायचे. माझ्या पायात तसलीच एक जोडी होती. शाळेत पोरं माझ्या पावलांवर पाय देत नव्हती. "ह्याच्या पायात दुसऱ्याची साडेसाती हाय," म्हणायची. मी चौथीत होतो. ते खरंच वाटायचं मला. पाऊल हळू टाकायचो, साडेसाती जागी व्हायला नको म्हणून.

आणि आई. आईनं चप्पल पायात घालून बापूसाहेबांच्या दारावरून जाताना मी कधी बघितलं नाही. कोपरा आला की ती चप्पल काढून हातात घ्यायची, पदराआड धरायची. दार मागं पडलं की परत पायात. उन्हाळ्यात त्या रस्त्याचा फुफाटा असा तापायचा की ती पळायची. मी म्हणायचो, "आये, घाल की चप्पल." ती म्हणायची, "गप. रस्ता त्यांचा हाय."

मी नगरला भरतीला गेलो. ट्रेड, म्हणजे हातचं काम, विचारला तेव्हा लाजत सांगितलं. तिथल्या हवालदारानं चामड्याचा एक तुकडा पुढं टाकला, म्हणाला, सिलकर दिखा. मी शिवून दाखवलं. त्यानं टाके मोजले, ओढून बघितले आणि म्हणाला, "ले लो इसको. हाथ है इसके पास." कामाबद्दल कुणी चांगलं बोललं, असं पहिल्यांदाच घडलं. फौजेतही टोमणे मारणारे भेटले, नाही असं नाही. पण तिथं सकाळी परेडला मी, मधे रायफल रेंजवर मी, पहाऱ्याच्या ड्यूटीला मी, आणि बूटही मीच शिवायचे. जेवायच्या लंगरात माझी थाळी वेगळी नव्हती.

आता पदकाचं सांगतो, कारण गावात कुणीच विचारलं नाही.

आमची पलटण बर्फात होती. पाऊस नाही, माती नाही, नुसतं पांढरं. तिथं दुश्मन दिसतो कमी, थंडी दिसते रोज. बुटाची शिवण उसवली तर आत ओल जाते, ओल गोठते. पायाला आधी मुंग्या येतात. नंतर काहीच वाटत नाही. काहीच वाटत नाही तेव्हा घाबरायचं. कारण मग बोट काळं पडतं आणि कापावं लागतं. फाटलेले बूट चौक्यांवरून खाली यायचे, मी शिवायचो, परत वर जायचे. हवा बिघडली की आठ-आठ दिवस वाट बंद. तोवर जवान फाटक्यात. एक पोरगा खाली आणला तेव्हा त्याच्या उजव्या पायाची तीन बोटं गेली होती. त्याचा बूट माझ्या टेबलावर शिवून तयार होता. वर पोहोचला नव्हता.

मी साहेबांपुढं जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "साहब, जूता नीचे मत लाओ. मुझे ऊपर भेजो."

ट्रेड्समनला कोण वर पाठवतो? साहेबांनी पाठवलं. पाठीवर आरी, दोरे, चामडं कापायची रापी, तळाचे तुकडे. तिथं तळ चिकटवायचं सोल्यूशनसुद्धा दगड होतं, म्हणून डबा शर्टाच्या आत पोटाला बांधून चालायचो. पोटावर अजून डाग आहे त्याचा. दोराला बांधून घेऊन एका चौकीवरून दुसऱ्या चौकीवर. पोहोचलो की आधी चहा नाही, आधी सगळ्यांचे बूट काढायला लावायचो. नुसते बूट नाही, पाय बघायचो. हातात घेऊन चोळायचो. एकानं पाय मागं घेतला, बिष्ट त्याचं नाव, गढवालचा. म्हणाला, "उस्ताद, पैर मत छुओ." लाजला तो. मी म्हटलं, गप बस. त्याची दोन बोटं पांढरी पडली होती. माझ्या काखेत धरून बसलो त्याचा पाय, रंग परत येईपर्यंत.

पूर्ण हिवाळा मी वरच फिरलो. त्यानंतर आमच्या पलटणीत एकाचंही बोट गेलं नाही. मी कुणाला मारलं नाही. माझ्या पदकावर संगीन कोरलेली आहे, पण मी संगीन चालवली नाही. प्रशस्तिपत्रात लिहिलंय, कर्तव्यनिष्ठा. मोठ्या साहेबांनी छातीवर लावलं तेव्हा मी सरळ उभा होतो आणि डोक्यात एकच विचार होता. आबांना कधी दाखवतो.

आबांनी पदक तळहातावर घेतलं. वजन बघितलं. मग फीत उलटी करून शिवण बघितली. "टाका चांगला हाय," म्हणाले. एवढंच. दोन महिन्यांनी गेले.

तर, त्या सव्वीस जानेवारीला घरी आलो. ब्लेझर काढला. बायको, मंदा, चुलीपुढं पाठ करून बसलेली. ती बायांच्या घोळक्यात होती, तिनं सगळं बघितलं होतं. हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग वळली.

"हात तुटलं असतं तर बरं झालं असतं तुमचं."

"मंदे, अगं सवयीनं..."

"कसली सवय? दुकानात बसून शिवता ती सवय. छातीला पदक लावून त्याच्या पायात चप्पल घातली, ती कसली सवय? मला लाज वाटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिकडं साहेबानं लावलं आन हितं तुमी बापूसाहेबाच्या पायाला लावून आला."

मला राग आला. तिचा नाही, पण काढला तिच्यावरच. ताट सारून उठलो. पुरुष लोक हेच करतात, मीही केलं.

सायंकाळी बिष्टचा फोन आला, व्हिडिओचा. दर सव्वीस जानेवारीला येतो. त्याची एक रीत आहे. आधी तोंड दाखवत नाही. आधी उजवा पाय दाखवतो, दहा बोटं पूर्ण व्हावीत म्हणून मग डावा. हसत मोजतो, एक, दो, तीन. मग तोंड. "उस्ताद, आज मेडल लगाया था?"

"लगाया था."

"गाँव वाले खुश हुए?"

"बहुत खुश हुए," म्हटलं. मंदा दारात उभी राहून ऐकत होती.

आठवड्यानं सुभेदार घरी आले. आमच्या घरी पहिल्यांदा. खुर्चीच्या काठावर बसले, चहाचा कप हातात धरून ठेवला, प्यायले नाहीत. म्हणाले, "मी बोललोय बापूसाहेबांशी. पाटीवर खाली जागा हाय. 'इतर सेवा' म्हनून तुजं नाव टाकता येईल."

"साहेब, तुमचं सेना पदक आणि माझं सेना पदक. एकच फीत. एकच सरकार."

"मला सांगतो का ते? मला कळतं. पन गावात ऱ्हायचं तर जरा सबुरीनं घ्यावं." मग घसा साफ केला. "आनि एक हाय. जत्रंचा जोडा तू करायचा. तुज्या चुलतभावानं हात वर केलेत. तू जोडा कर, रितीनं घेऊन ये, दुसऱ्या दिवशी नाव कोरायला मानूस बोलावतो. हे बापूसाहेबांनी कबूल केलंय."

जोडा म्हणजे देवीचा जोडा. चैत्रात जत्रा. देवीला दर वर्षी नवी चप्पल लागते आणि ती आमच्याच आळीतली लागते. दुकानातली चालत नाही. आधी आबा करायचे, नंतर चुलतभाऊ. त्याला चाकणला कंपनीत नोकरी लागली आणि त्यानं सांगून टाकलं, मला जमणार नाही. ज्यानं जोडा केला त्यानं तो डोक्यावर घ्यायचा, अनवाणी पायांनी, हलगीच्या मागं, बापूसाहेबांच्या दारापर्यंत जायचं. दाराबाहेर उभं राहायचं. पाटील तो ताटात घेतात, ओवाळतात, आणि तिथून पुढं देवळात ते घेऊन जातात. आमचं काम दारात संपतं. याला गावात मान म्हणतात. 'चांभाराचा मान.' आबासुद्धा म्हणायचे.

आता पटकन नाही म्हणायला पाहिजे होतं मी. बरोबर? तुम्ही म्हटलं असतं. मी म्हणालो नाही. मी म्हणालो, "बघतो."

आणि केला जोडा. इथंच मला माझी सगळ्यात जास्त चीड येते. चप्पल शिवली ती सवयीनं, पण जोडा मी विचार करून केला. नावासाठी. 'इतर सेवा' तर 'इतर सेवा'. दगडावर तर येईल. मी स्वतःला समजावत होतो, एक दिवस अनवाणी चाललं तर काय मरत नाही माणूस.

जोड्याला माप लागतं. आणि देवीच्या पायाचं माप कुणाकडं असणार? मूर्ती शेंदराची, पाय दिसतच नाहीत. आबांनी मला लहानपणी दाखवलं होतं ते कसं घेतात. गावात कुणालाच हे माहीत नाही. आबा आईला बोलवायचे, जमिनीवर कागद टाकायचे आणि म्हणायचे, ठेव पाय. आईच्या पायाभोवती कोळशानं रेघ मारायचे. आजोबा आजीचा पाय घ्यायचे. देवीचा पाय म्हणून या गावानं पिढ्यान्‌पिढ्या ज्याला कुंकू लावलं, तो आमच्या घरच्या बायांचा पाय होता. आईला हे माहीत होतं. जत्रेच्या दिवशी ती हसायची आणि कुणाला सांगायची नाही.

मी दुकानात वर्तमानपत्र पसरलं. फाट्यावर माझं चपलांचं दुकान आहे, दुरुस्तीही करतो. मंदाला म्हटलं, "पाय ठेव."

"कशाला?"

सांगितलं. तिनं पाय ठेवला. मी पेन्सिल फिरवायला लागलो. टाचेला भेगा. अंगठ्याजवळ जुनं कुरूप. बावीस वर्षं मी परमुलखात लोकांचे पाय हातात घेऊन बघत होतो आणि या बाईचा पाय मी कधी नीट बघितला नव्हता. पेन्सिल टाचेपाशी आली आणि मी थांबलो.

"काय झालं?"

"आई त्यांच्या दारावरून चप्पल हातात घेऊन जायची."

"म्हाईत हाय मला," मंदा म्हणाली. "लगीन होऊन आले तवा मलाबी सासूबाईंनी तेच शिकवलं. तुमी तिकडं व्हता. आता कुनी म्हनत न्हाई तसं, पर त्या दारापाशी आलं की पाय आपसूक अडखळतो अजून."

मला माहीत नव्हतं. माझ्या छातीवर सरकारचं पदक लागत होतं तेव्हा माझी बायको गावात चप्पल हातात घेऊन चालत होती. तिनं पत्रात कधी लिहिलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

"देवीला होईल तो मला होनारच की," ती म्हणाली आणि हसली. आईसारखीच हसली. मी रेघ पूर्ण केली. जोडा असा शिवला की आयुष्यात तसा शिवला नव्हता. पण आता तो कुणासाठी शिवतोय, हे माझं मला कळलं होतं.

जत्रेच्या दिवशी दुपारी हलगीवाले आळीत आले. मी बाहेर पडलो. पांढरा शर्ट, डाव्या बाजूला पदक. पायात फौजेचे बूट. जोडा हातात, छातीपाशी धरलेला. हलगीवाला माझ्या पायांकडं बघून वाजवायचा थांबला. मी म्हटलं, वाजव. मागं मंदा होती, आळीतल्या बाया होत्या. घाबरलेल्या होत्या सगळ्या. मीही होतो. खरं सांगतो.

बापूसाहेब दारात ताट घेऊन उभे. शेजारी सुभेदार. शंभरभर माणूस.

"बूट काढ," बापूसाहेब म्हणाले.

"नाही काढत."

"जोडा डोक्यावर घे."

"हातात बरा आहे."

"लई शाना झालास का रं? नाव पायजे ना पाटीवर?"

मला वाटलं होतं, या वेळी मला काहीतरी मोठं सुचेल. नाही सुचलं. म्हणालो, "अनवाणी येऊन मिळणारं नाव मला नको."

कुणीतरी मागून शिवी दिली. सुभेदार म्हणाले, "अरे, देवीचं काम हाय, वाद नको." बापूसाहेबांनी ताट पुढं केलं. "ठेव हितं जोडा, आन चालता हो. तुज्याशी नंतर बघतो."

मी जोडा मागं घेतला.

"बापूसाहेब, ह्या जोड्याचं माप माझ्या बायकोच्या पायाचं आहे. आधी माझ्या आईच्या पायाचं होतं. त्याआधी आजीच्या. इतकी वर्षं तुम्ही त्यालाच ओवाळत आलात. देवीच्या पायात घातलात ते आमच्या बायांच्या मापाचं होतं, आणि त्याच बाया तुमच्या दारावरून चपला हातात घेऊन जात होत्या."

हलगी थांबली. एकदम.

मी वळलो. मंदापुढं गेलो आणि वाकलो. हो, वाकलो. दोन्ही गुडघे टेकले आणि जोडा तिच्या पायांपुढं ठेवला. पदक लोंबलं, लोंबू दिलं.

"घाल."

"अवो, नको. लोक..."

"मंदे, घाल."

तिनं घातला. बरोब्बर बसला. ती बापूसाहेबांच्या दारासमोरून चालत गेली. करकर वाजत होता नवा चामड्याचा जोडा. मधे एकदा तिचा पाय अडखळला, तिथंच, जिथं आई चप्पल काढायची. मग परत चालायला लागली. तिच्यामागं माझी चुलती, तिच्यामागं आळीतल्या सगळ्या. सगळ्यांच्या पायात होतं काही ना काही. फाटकं असेल, पण पायात होतं.

पुढं काय झालं तेही सांगतो. त्या वर्षी देवीला नगरहून आणलेली चप्पल घातली आणि देवीनं काही म्हटलं नाही. माझ्या दुकानाची पाटी कुणीतरी उखडून ओढ्यात टाकली. गावातलं एकही माणूस महिनाभर दुकानात आलं नाही. मंदाला डेअरीवर "देवी आली, सरका," म्हणतात अजून. ती घरी येऊन रडते. मला म्हणत नाही, पण डोळे दिसतात. सुभेदार रस्त्यात भेटले की मान खाली घालून जातात. मला त्यांचा राग बापूसाहेबांहून जास्त येतो, कारण त्यांना सगळं कळतं.

मी ग्रामपंचायतीत अर्ज दिला आहे. नाव कोरायचं तर वरच्या दोघांच्या खाली, त्याच अक्षरात, त्याच मथळ्याखाली. 'इतर' नाही. नसेल जमत तर लेखी कळवा, का जमत नाही ते. अर्जाची पोच घेतली आहे. एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात, एक कलेक्टर कचेरीत. उत्तर आलं नाही तर दर महिन्याला देणार. फौजेत मी एकच बूट दहादा शिवलेला आहे.

पंधरा ऑगस्ट जवळ आलाय. मंदा म्हणाली, "या वर्षी नका जाऊ." मी जाणार. ब्लेझर घालणार, पदक लावणार, ओळीत उभा राहणार. माझं नाव नसलेल्या त्या पाटीच्या बरोबर समोर उभा राहणार, म्हणजे बघणाऱ्याला दोन्ही एकदम दिसेल. मंदा तो जोडा घालून येणार आहे. मी सांगितलं नाही तिला, तिनंच सकाळी तेल लावून ठेवलाय.

आरी खिशात असेल. ती मी काढून ठेवणार नाही, ती माझी आहे, तिनं मला पदक दिलं. ज्याची चप्पल तुटेल त्यानं ती हातात घ्यावी आणि फाट्यावर दुकानात यावं. समोर स्टूल आहे, त्यानं त्याच्यावर बसावं, मी माझ्या स्टुलावर बसून शिवून देईन. पण झेंड्याच्या पुढ्यात, कुणाच्याही पायाशी, मी परत खाली बसणार नाही.